वाघ हे कुहीचे सामाईक भांडवल

कुहीच्या बाजारातील एखाद्या गॅरेजवाल्याला किंवा शिंप्याला ‘वाघाचा आणि तुमच्या धंद्याचा काय संबंध?’ असे विचारले तर तो हसेल. वाघ जंगलात, दुकान बाजारात. पण संबंध आहे, आणि तो व्यापारी बांधवांनी वेळीच ओळखावा म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

२०१२ साली शासनाने उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य घोषित केले. क्षेत्र सुमारे १८९ चौरस किलोमीटर. नागपूर जिल्ह्यातील उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातील पवनी या तालुक्यांत ते पसरले आहे. कुहीच्या बाजूने गोठणगाव प्रवेशद्वारातून जिप्सी गाड्या आत जातात. पर्यटक येतो तेव्हा गाडीचालक आणि मार्गदर्शक यांना रोजी मिळते. त्यांच्यामागे गाडी दुरुस्त करणारा, पंक्चर काढणारा, सीटची कव्हरे शिवणारा, नाश्ता व जेवण पुरवणारा असे अनेक हात असतात. यातील कितीतरी कामे आपल्या कारागिरांच्या पिढीजात हुन्नराची आहेत.

मात्र हा धंदा एका नाजूक भांडवलावर उभा आहे. नागझिऱ्याहून २०१३ साली या जंगलात आलेल्या ‘जय’ नावाच्या वाघाने पर्यटकांची रीघ लावली. एप्रिल २०१६ मध्ये तो बेपत्ता झाला आणि त्याच्या नावावर येणारी गर्दी ओसरली. पुढच्याच वर्षी त्याचा बछडा ‘श्रीनिवास’ नागभीड भागात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेने मेला. भांडवल बुडाले की व्याज कोठून येणार?

दुसरा धोका आपल्याच लोकांच्या घाईचा. ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगाव भागात ‘एफ २’ वाघीण व तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सी गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. छायाचित्रे पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक व मार्गदर्शकांवर निलंबनाची कारवाई झाली. गिऱ्हाईक खूश करण्याच्या नादात रोजीच थांबली.

मग करावे काय? पहिली गोष्ट, माल गावातूनच घ्यावा. रानडुकराने पीक उद्ध्वस्त केले, वाघाने गाय मारली, तर नुकसान शेतकऱ्याचे होते; शासकीय भरपाई मिळते, पण हेलपाटे त्यालाच घालावे लागतात. पर्यटनाचा पैसा त्याच्या घरी पोचला नाही तर तो तार सोडणारच. म्हणून खानावळीतील दूध, तांदूळ, भाजी जंगलाकाठच्या गावांतून घ्यावी. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. ती स्वच्छ दळून लहान पुड्यांत विकली तर पर्यटक ती आवडीने घरी नेईल.

दुसरी गोष्ट, कारागिरांनी कापडी पिशव्या, टोप्या, लाकडी खेळणी जरूर करावीत. पण सांबराचे गळून पडलेले शिंगसुद्धा हाताळू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा आहे. वाघनख किंवा कातडे यांच्याबाबत तर किमान तीन वर्षांची कैद आहे. ‘जंगलात सापडले होते’ हा बचाव चालत नाही.

तिसरी गोष्ट, हिशेब. पावसाळ्यात सफारी बंद असते. म्हणून केवळ पर्यटकांच्या भरवशावर दुकान थाटू नये. जुने गिऱ्हाईक सांभाळावे, हंगामातील कमाईतून पावसाळ्यासाठी काही बाजूला ठेवावे.

आणि शेवटची गोष्ट भागीदारीची. भागीदारीच्या धंद्यात कोणी मूळ रकमेला हात लावत नाही. वाटणी होते ती नफ्याची. येथे मूळ रक्कम म्हणजे वाघ आणि त्याचे जंगल, आणि भागीदार आहेत शेतकरी, चालक, कारागीर व दुकानदार. जिप्सीचालक गॅरेजात आला तर चहा पाजताना त्याला एवढेच सांगावे की, भाऊ, वाघाची वाट सोड. त्या वाटेनेच आपल्या सर्वांची रोजी येते.