फाटकावरचा जवान कोणाचा?

खडकवासल्याला गणवेशाचे अप्रूप नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ पासून येथे आहे. लष्करातला माणूस आपण दुरून ओळखतो. पण पुणे विमानतळावर आपली पिशवी तपासणारा जवान लष्करातला नव्हे आणि राज्याच्या पोलिसांतलाही नव्हे. तो केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा. हे दल मुळात विमानांसाठी नव्हे, कारखान्यांसाठी निघाले.

१९६४ साली रांचीच्या अवजड यंत्रांच्या सरकारी कारखान्यात मोठी आग लागली. तिची चौकशी करणाऱ्या न्या. मुखर्जी यांनी अशा कारखान्यांसाठी शिस्तबद्ध दल उभारावे, असे सुचविले. १९६८ मध्ये कायदा झाला आणि १० मार्च १९६९ रोजी तीन बटालियननिशी दल सुरू झाले. आवारातल्या मालमत्तेविरुद्ध गुन्हा करणाऱ्याला जवान वॉरंटावाचून धरू शकतो. पण धरलेला माणूस पोलिसांच्या हवाली करावा लागतो. तपास पोलिसांचाच. ही मर्यादा मी प्रत्येक गेटसभेत कामगारांना समजावून सांगतो.

जवानही पगारावरचाच माणूस. जून १९७९ मध्ये बोकारोला याच दलाच्या जवानांनी आपल्या मागण्यांसाठी आंदोलन केले. लष्कर बोलावले गेले, गोळीबार झाला, माणसे मेली. १९८३ च्या दुरुस्तीने दलाला संघराज्याचे सशस्त्र दल ठरविले. आज जवानाला परवानगीवाचून संघटना करता येत नाही.

पुढे दलाचे काम पालटत गेले. डिसेंबर १९९९ मध्ये भारतीय विमान पळवून कंदाहारला नेले गेले. त्यानंतर २००० साली जयपूरपासून विमानतळांचा पहारा या दलाकडे येऊ लागला. २००७ मध्ये दिल्लीची मेट्रो आली, २०२४ मध्ये संसदभवन. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर २००९ साली कायदा बदलला आणि खाजगी कंपन्यांनाही पैसे भरून हे दल मागता येऊ लागले. आपल्या हिंजवडीतही एका संगणक कंपनीच्या फाटकावर हे जवान उभे राहिले.

प्रश्न येथेच आहे. मोठ्या कंपनीवर हल्ला झाला तर तेथे काम करणारी आपलीच मुले मरतील. तेव्हा पहारा नको, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण पैसे भरील त्याच्या दारी प्रशिक्षित सशस्त्र जवान आणि न भरू शकणाऱ्या वस्तीला दोन शिपायांची चौकी, ही वाटणी न्यायाची नव्हे. शिवाय खर्च कंपनीने भरला म्हणून जवान कंपनीचा नोकर होत नाही. तो कायद्याला बांधलेला आहे. मालक-मजूर तंट्यात त्याने कोणाचीही बाजू घेऊ नये, हे मालकाला बजावणे जितके आवश्यक, तितकेच त्याला शत्रू मानू नका हे कामगाराला सांगणेही आवश्यक आहे. ज्याला स्वतःचे गाऱ्हाणे संघटनेमार्फत मांडता येत नाही, त्याच्या पाळीचा, रजेचा, घराचा प्रश्न आपण नागरिकांनीच आपल्या खासदारांना विचारला पाहिजे.