बोक्याच्या नाकातला नकाशा

डिसेंबर 2024 मधली गोष्ट. आपल्या धाराशिव जिल्ह्यात येडशीला रामलिंग घाट अभयारण्य आहे ना, तिथं वन विभागाच्या कॅमेऱ्यात एक फोटो निघाला. समोरून कुणी गेलं की आपोआप टिपणारा कॅमेरा! फोटोत कोण असेल? तरस? कोल्हा? छे! चक्क पट्टेरी वाघ!

आता हा आला कुठून? अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी ताडून पाहिले. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात, म्हणून हे जमतं. तर महाशय निघाले यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातले! तिथून इथं सुमारे 500 किलोमीटर. एसटीनं निघालो तरी आपला अख्खा दिवस मोडेल. हा गडी पायी आला!

एवढी पायपीट कशाला? नर वाघ मोठा झाला की त्याला स्वतःचा इलाखा लागतो. आईच्या इलाख्यात कायमचा मुक्काम चालत नाही.

आता माळवदावर ऊन खात पसरलेल्या तुझ्या बोक्याकडे बघ. तोही याच खानदानातला! गोठा त्याचा. कडब्याची गंजी त्याची. शेजारच्यांची भिंत त्याची, भिंतीपलीकडची चिंचही त्याचीच. शेजाऱ्यांना विचारलं होतं का? मुळीच नाही!

समज, तुम्ही तेर गावातलं माळवदाचं घर सोडून धाराशिव शहरात फ्लॅटमध्ये राहायला निघालात. बोका तर बरोबर हवाच! पण तिथं रस्त्यावर गाड्यांची वर्दळ, कोपऱ्यावर कुत्र्यांची टोळी. म्हणून ठरलं, बोका आता घरातच राहणार. जमेल त्याला?

जमेल की! फक्त एक गुपित आधी कळायला हवं. बोक्याचं घर भिंतींचं नसतंच. ते वासाचं असतं!

तो तुझ्या पायाला गाल घासतो ना? लाडात येतो, हे खरंच. पण अजून एक उद्योग चाललेला असतो. त्याच्या गालांत, हनुवटीखाली, कपाळावर, पंजांत आणि शेपटीच्या बुडाशी बारीक बारीक ग्रंथी असतात. त्यांतून त्याचा खास वास झिरपतो. आपल्याला तो येतही नाही! स्वयंपाकघरातल्या तांब्यावर, ताटावर आजीनं नाव घालून घेतलेलं असतं, बघितलंस? तसं बोका तुझ्या पोटरीवर नाव घालत असतो! दाराच्या चौकटीवर, खाटेच्या पायावर, दप्तरावर, सगळीकडे.

आणि हे नाव वाचायला त्याच्याकडे एक जादा साधन आहे. कधी तो काहीतरी हुंगतो आणि तोंड अर्धवट उघडं टाकून तसाच थिजतो. वरचा ओठ जरासा वर, नजर शून्यात. वेडाबिडा झाला की काय, असं वाटतं! छे, तो वास चाखत असतो! त्याच्या टाळूत, वरच्या पुढच्या दातांमागे, दोन इवलीशी छिद्रं असतात. त्यांतून वास आत एका खास अवयवापर्यंत पोचतो. त्याचं नाव जेकबसनचा अवयव. जणू दुसरं नाकच! वाघसुद्धा अगदी असंच तोंड करतो.

मग नव्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्यावर बोक्याला काय वाटेल, सांग बरं? कुठल्याच वस्तूवर त्याचं नाव नाही! रंगाचा वास, फिनेलचा वास. तो थेट पलंगाखाली घुसणार. घुसू दे! ओढून काढायचं नाही हं.

सुरुवातीला त्याला एकच खोली द्यायची. तिथं त्याचं जुनं गोणपाट टाकायचं. आई म्हणेल, धुऊन टाक ते घाणेरडं! तू म्हणायचं, नको! धुतलं की त्याचा वासाचा नकाशा पुसला जाईल. मग एक मऊ फडकं त्याच्या गालांवरून हलकेच फिरव आणि तेच चौकटीला, खुर्चीच्या पायाला घास. त्याच्या नाकाच्या उंचीवर बरं का, तुझ्या नव्हे! एक दिवस तो पलंगाखालून येईल आणि त्या चौकटीला आपणहून गाल घासेल. झालं! खोली त्याची झाली. आता पुढच्या खोलीचं दार उघडायला हरकत नाही.

शी-शूचं काय? तेही सोपं. एका पसरट घमेल्यात आधी गावाकडच्या अंगणातली माती भर. तिची त्याला सवय आहे. मग दर खेपेला मातीत थोडी थोडी वाळू मिसळत जायची. घमेलं त्याच्या ताटलीपासून लांब ठेव. मोरीशेजारी जेवायला तुला तरी आवडेल का? घमेलं रोज साफ करायचं. पण ते काम मोठ्यांचं, आणि नंतर साबणानं हात धुवायचे.

नखं मात्र तो घासणारच. सोफ्यावर राग नसतो त्याचा! वरचं जुनं टरफल निघून आतून नवं टोकदार नख येतं. शिवाय पंजातला वास लागतो, म्हणजे पुन्हा नाव घालणं आलंच. एका फळीला सुतळी घट्ट गुंडाळून उभी बांधून दे. कपाटाच्या माथ्यावर एक चादर टाक, ते त्याचं नवं माळवद! खिडक्यांना जाळी मात्र आधीच पक्की करून घ्या. आणि जनावरांच्या डॉक्टरांना भेटायचं, रेबीजच्या लशीसाठी आणि नसबंदीसाठी. नसबंदी म्हणजे पिल्लं होऊ नयेत म्हणून केलेलं ऑपरेशन. ते झालं की बोक्याची भटकायची ओढ पुष्कळच कमी होते.

तरी तो पहाटे पहाटे दारापाशी ओरडेल. पहाट आणि तिन्हीसांजा या त्याच्या शिकारीच्या वेळा! म्हणून संध्याकाळी दोरीला चिंधी बांधून त्याला दमेपर्यंत पळव. शेवटी चिंधी त्याला पकडू दे, आणि लगेच जेवायला वाढ. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप. त्याचा हा क्रम ठरलेला असतो. पहाटेच्या ओरडण्याला मात्र भुलायचं नाही. एकदा का दार उघडलंस, की ओरडलं की दार उघडतं हे तो पक्कं शिकला!

जेवणात कांदा-लसणाचं कालवण नको, ते मांजरांना विषारी असतं. दूधही पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही. मग लाडानं पेढा द्यावा का?

इथं तर सगळ्यात मोठी गंमत! मांजराला गोड कळतच नाही! गोडाची चव ओळखायला जो जीन लागतो, तो त्यांच्यात बिघडलेला आहे. शास्त्रज्ञांना हे 2005 मध्ये सापडलं, आणि त्यांनी वाघ नि चित्ता तपासला तर त्यांच्यातही तेच! मग भूमचा खवा बघून बोक्याच्या मिशा का हलतात? त्यातल्या स्निग्धांशाच्या वासानं! साखर घातली काय, न घातली काय, त्याला पत्ताच नाही. पेढे तूच खा!