गेमिंगच्या कॉम्प्युटरला यूपीएस कोणता?



बडोद्याहून एका मुलाचं पत्र आलं आहे. दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री गेम खेळतो. दोन्हीला कॉम्प्युटर एकच. हप्त्यावर घेतलेला, आणि हप्ते अजून चालू आहेत. दुकानदाराने सोबत ६०० व्हीएचा यूपीएस दिला. लाइट गेली की तो यूपीएस एकदा ‘टीं’ करतो आणि कॉम्प्युटरला घेऊनच बंद पडतो. गेल्या महिन्यात एका लग्नाची फाइल डिस्कवर लिहिली जात असताना हे झालं, ती फाइल नंतर उघडलीच नाही. गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हा त्याचा प्रश्न त्याने सोडवला असेल. मला त्याने विचारलंय, की आता २ केव्हीएचा मोठा यूपीएस घेऊ का?

माझी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये गेली. गेममधलं मला फारसं कळत नाही, नातवंडं हसतात. पण बॅटरी, चार्जर आणि जनरेटर यांच्या संगतीत आयुष्य काढलंय, त्या भांडवलावर सांगतो.

आधी यूपीएसचं काम समजून घ्या. लाइट गेल्यावर तासभर खेळत बसावं म्हणून तो नसतो. फौजेत माघार घ्यायची वेळ आली, तर एक तुकडी मागे थांबून शत्रूला रोखून धरते, तेवढ्यात बाकीचे शिस्तीत बाहेर पडतात. यूपीएस म्हणजे ती मागची तुकडी. त्याच्याकडून तुम्हाला पाच-दहा मिनिटं हवीत: गेम सेव्ह करा, फाइल बंद करा, कॉम्प्युटर नीट शटडाउन करा. हे एकदा मनात पक्कं झालं की अर्धा खर्च वाचतो, कारण मग तुम्ही बॅकअपच्या तासांमागे धावत नाही. तासांचं काम करायला घरात इन्व्हर्टर आहेच.

आता त्या ६०० आकड्याकडे येऊ. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा असतो व्होल्ट-अँपिअरचा, म्हणजे व्हीएचा. तुमच्या कामाचा आकडा वॅटचा, आणि तो मागच्या बाजूला बारीक टायपात असतो. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या यूपीएसमध्ये वॅट हे व्हीएच्या साधारण ६० टक्के असतात. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅट, १००० म्हणजे ६००, ११०० म्हणजे ६६०, १५०० म्हणजे ९००. दुकानात ‘कितीचा आहे?’ असं विचारू नका, ‘किती वॅटचा आहे?’ असं विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर खोकं उलटं करून स्वतः वाचा.

दुसरा गोंधळ कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा. त्याच्यावर ६५० वॅट लिहिलंय म्हणून कॉम्प्युटर ६५० वॅट खातो, असं नाही. तेवढे तो देऊ शकतो, इतकंच. खरी भूक आतल्या भागांची असते. बडोद्याच्या मुलाचाच हिशेब मांडू. त्याचं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, त्याची मर्यादा ११५ वॅट. प्रोसेसर रायझन ५ ७६००, जोरात चालला की ८८ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे ५० धरा. झाले २५३. पॉवर सप्लाय स्वतःही थोडी वीज उष्णतेत घालवतो, त्यामुळे भिंतीतून खेचले जातात सुमारे २९० वॅट. मॉनिटरचे ३५, राउटरचे १०. एकूण ३३५ वॅट.

म्हणजे ३६० वॅटच्या यूपीएसवर ३३५ वॅटचा भार. कागदावर बसतो, प्रत्यक्षात नाही. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या मर्यादेच्या बरंच वर उसळी मारतं, आणि नेमक्या त्याच क्षणी लाइट गेली तर यूपीएस ओव्हरलोड होऊन हात वर करतो. बॅटरी वर्ष-दीड वर्षाची जुनी असली तर उसळीचीही गरज नाही. यूपीएस नादुरुस्त असेलच असं नाही. त्याच्या अंगावर झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं टाकलंय.

माझा नियम असा, की भार यूपीएसच्या वॅटच्या ६० ते ७० टक्क्यांत बसावा. ३३५ला ६०० किंवा ६६० वॅटचा, म्हणजे १००० ते ११०० व्हीएचा यूपीएस पुरे. २ केव्हीएची गरज नाही. पण ज्यांच्याकडे आरटीएक्स ४०८० आहे, म्हणजे एकट्या कार्डाचेच ३२० वॅट, आणि जोडीला कोअर आय७ १४७००के, जो २५३ वॅटपर्यंत जातो, त्यांची बेरीज भिंतीपाशी सातशेच्या वर जाते. दोन्ही एकाच वेळी पूर्ण जोरात क्वचितच असतात, तरी ९०० वॅटच्या खाली त्यांनी पाहू नये. अंदाजावर विश्वास नसेल, तर सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो. तो लावा, सगळ्यात जड गेम अर्धा तास खेळा आणि वरचा आकडा टिपून ठेवा. रेकी केल्याशिवाय हल्ला करू नये.

वॅट जमले की लाटेचा प्रश्न येतो, आणि इथे दुकानदार सहसा गप्प असतात. भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा गुळगुळीत वर-खाली होते, ती साइन वेव्ह. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की ती लाट पायऱ्यापायऱ्यांची करतो. खोक्यावर तिला ‘सिम्युलेटेड’ किंवा ‘मॉडिफाइड’ साइन वेव्ह म्हणतात. जुन्या कॉम्प्युटरला ती चालायची. आजच्या चांगल्या पॉवर सप्लायमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’ नावाची व्यवस्था असते, ती येणाऱ्या लाटेच्या आकाराबरहुकूम वीज ओढते. पायऱ्यांची लाट मिळाली की काही सप्लाय निमूट चालतात, काही गुणगुणतात, आणि काही भार जास्त असताना सरळ बंद पडतात. तुमचा कोणत्या जातीचा, हे आधी सांगता येत नाही. म्हणून कॉम्प्युटर महाग असेल, किंवा त्यावर पोट असेल, तर ‘प्युअर साइन वेव्ह’ लिहिलेलाच यूपीएस घ्या. थोडा महाग पडतो. मी तिथे काटकसर करणार नाही.

लाइट गेल्यावर बॅटरीवर उडी मारायला लागणारा वेळही बघा. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आतल्या साठ्यावर साधारण १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. ‘लाइन इंटरॅक्टिव्ह’ प्रकारचे यूपीएस ४ ते १० मिलिसेकंदांत बदलतात, म्हणजे निभावतं. व्होल्टेज खाली-वर झालं तर हा प्रकार बॅटरी न वापरता ते सावरूनही घेतो, म्हणून ज्या गावात संध्याकाळी दिवे मंदावतात तिथे हाच घ्यावा. ‘ऑनलाइन’ प्रकारात बदलायला वेळ लागतच नाही, कारण तो सतत स्वतःच वीज तयार करत असतो. तो उत्तम, पण महाग, आणि त्याचा पंखा सतत चालतो. झोपायच्या खोलीत नको. खेळायला लाइन इंटरॅक्टिव्ह पुरतो.

‘घरच्या इन्व्हर्टरवरच लावला तर?’ असं बरेच जण विचारतात. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आणि इको किंवा नॉर्मल मोड असा खटका असतो. इको मोडमध्ये बदलायला ४० मिलिसेकंदही लागू शकतात, तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर खटका यूपीएस मोडवर ठेवा आणि त्याच्या पुढे हा छोटा यूपीएस लावा. मग छोटा यूपीएस धक्का झेलतो आणि तासांचं ओझं इन्व्हर्टर वाहतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर यूपीएस लावू नका. पुष्कळ यूपीएस ती वीज मानतच नाहीत आणि बॅटरी संपवून बसतात.

बाकीचं भराभर सांगतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो तापताना एकदम खूप वीज ओढतो. राउटर मात्र जरूर लावा, नाहीतर कॉम्प्युटर चालू आणि खेळ तुटलेला अशी गत होते. यूपीएसला यूएसबीची डेटा केबल असेल तर ती जोडा, म्हणजे तुम्ही घरात नसताना कॉम्प्युटर स्वतःहून शटडाउन होऊ शकतो. बडोद्याच्या मुलासारखा रात्रभर रेंडर लावून झोपणाऱ्याला ही केबल मला सगळ्यात मोलाची वाटते. आणि अर्थिंग. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी ते दुरुस्त करा, यूपीएस नंतर. जवळपास विजा कडाडत असतील तर सरळ प्लग काढा.

नवा यूपीएस आणला की कंपनीने सांगितलंय तितके तास चार्ज करा. मग गेम चालू करा, सेव्ह करा आणि भिंतीवरचा खटका बंद करा. प्लग उपटू नका. खटक्याने फेज तुटतो, अर्थ जोडलेलाच राहतो. किती मिनिटं मिळतात ते घड्याळावर बघा. ६०० वॅटच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या असतात. ३०० वॅटच्या आसपास त्या आठ-दहा मिनिटं देतात. गेममधून बाहेर पडलात की भार शंभराच्या आसपास उतरतो आणि वेळ तिपटीहून जास्त वाढतो. हीच कवायत दर तीन महिन्यांनी करा.

या बॅटऱ्यांना उकाडा सोसत नाही. त्यांचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की ते जवळजवळ निम्मं होतं. नागपूर, इंदूर, दिल्लीकडच्या मंडळींनी यूपीएस टेबलाखालच्या कोंदट कोपऱ्यात, कॉम्प्युटरच्या गरम हवेच्या तोंडाशी ठेवू नये. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावीच लागते, म्हणून घेतानाच विचारा की आतल्या बॅटऱ्या बाजारात मिळणाऱ्या मापाच्या आहेत ना. बसवल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून यूपीएसच्या पाठीवर लावा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, आत शिसं आणि आम्ल असतं. नवी घेताना तीच दुकानदाराला परत द्या, तो किमतीत काही रुपये कमीही करतो.