सापळ्यातील ठिपकेदार पतंग

इंग्लंडमधील बागेत उन्हाळी रात्री दिव्याचा सापळा लावला, तर पहाटे त्यात पुष्कळदा काळ्या ठिपक्यांचे शुभ्र, चिमुकले पतंग आढळतात. हा यपोनोम्यूटा वंश. ठिपक्यांच्या सुमारे ५ रांगा असल्या, की ‘इव्हॉनिमेला’ ही जाती ओळखता येते. परंतु सफरचंदावर वाढलेला पतंग कोणता आणि हॉथॉर्नवर वाढलेला कोणता, हे केवळ पंखांवरून तज्ज्ञासही खात्रीने सांगवत नाही. बागायतदारास तर नेमके तेच हवे असते. खूण आहे ती अळ्यांनी जाळे विणलेल्या झाडात, आणि दिव्याकडे आलेला पतंग ते झाड मागे सोडून आलेला! नावावरही विसंबू नये. लिनीअसने १७५८ मध्ये दिलेले ‘इव्हॉनिमेला’ हे नाव युऑनिमस झुडुपाचे सूचक; अळ्या मात्र बर्ड चेरीवर पोसतात. यास्तव जाळ्यातील अळ्या त्याच झाडाच्या पानांवर वाढवाव्या व डबीवर झाडाचे नाव लिहावे.