तुम्ही गावी, मासे घरी

दिवाळीचे सहा दिवस कोकणात काढून ठाण्यातले एक कुटुंब भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी घरी परतले. कुलूप उघडताच धाकटी मुलगी धावली ती थेट फिश टँककडे. पाणी ताकासारखे पांढुरके झाले होते आणि आठपैकी पाच मासे वर तरंगत होते. रडण्याचा आवाज ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. ‘‘अहो, उपाशी नाही हो ठेवले मी! दिवसातून तीन वेळा न चुकता घालत होते. टँकजवळ गेले की बिचारे तोंड वर करून यायचेच.’’

काकू खोटे बोलत नव्हत्या. मासे भुकेने मेलेच नव्हते, त्यांना मारले होते ते न खाल्लेल्या खाण्याने. तळाशी साचलेले खाद्य कुजले की त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे उपयोगी जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट व मग त्यामानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात, पण त्यांच्याही कामाला मर्यादा असते. रोज एक चिमूट खाद्याची सवय असलेल्या टँकमध्ये अचानक तीन मुठी पडू लागल्या, तर ते तरी काय करणार? आणि माणूस दिसला की मासा तोंड वर करून येतो, ती भूक असतेच असे नाही. बहुतेक वेळा ती निव्वळ सवय असते.

फीडर हवाच का?

सुट्टी ठरली की हल्ली पुष्कळ जण आपोआप खाद्य टाकणारा फीडर घ्यायला निघतात. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट असो, कोलकात्याचा रविवारचा गॅलिफ स्ट्रीट बाजार असो की चेन्नईचे कोळत्तूर, दुकानदार नाही म्हणणार नाही. पण आधी किती दिवस जायचे आहे ते पाहा. माशाला आपल्यासारखे शरीर गरम ठेवण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही. म्हणून गप्पी, मॉली, एंजल, गोरामी यांसारखे पूर्ण वाढलेले, निरोगी मासे तीन-चार दिवस काहीही न खाता मजेत राहतात, आठवडाही सहज काढतात. शनिवार-रविवारच्या सहलीसाठी फीडर विकत घेणे म्हणजे निव्वळ हौस.

दहा-पंधरा दिवसांचा प्रवास असेल किंवा टँकमध्ये पिल्ले असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे लागतेच. गोल्डफिशला जठरच नसते, त्यामुळे त्यालाही एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडे थोडे दिलेले बरे. दोघेही नोकरी करणारे असतील आणि घरी येण्याची वेळ ठरलेली नसेल, अशा घरातही फीडर रोजच्या उपयोगाचा ठरतो.

बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो ड्रमवाला फीडर. डब्यात खाद्य भरायचे, ठरलेल्या वेळी डबा एक फेरी फिरतो आणि बाजूच्या फटीतून खाद्य पडते. फट सरकवून कमी-जास्त करता येते. दुसरा प्रकार गोल ताटलीसारखा, छोट्या छोट्या कप्प्यांचा. एका वेळी एका कप्प्यातले खाद्य पडते. कप्पे मोजके असल्याने लांबच्या मुक्कामाला तो अपुरा पडतो, पण माप अगदी चोख. मोबाइलवरून चालणारे महागडे फीडरही मिळतात. घेण्यापूर्वी एवढेच विचारा, की वीज किंवा वाय-फाय गेले तरी तो ठरलेल्या वेळी खाद्य टाकतो का? या बाबतीत साध्या सेलवर चालणारा फीडर जास्त भरवशाचा, कारण त्याला लोडशेडिंगचे भय नाही. मात्र सेल नवे घाला. रिचार्जेबल सेलचा दाब थोडा कमी असतो, त्यामुळे माहितीपत्रकात तसे सांगितले नसेल तर ते टाळावेत. दुकानात मिळणारी पांढरी ‘हॉलिडे’ वडी मात्र घेऊच नये. ती पाण्यात किती वेगाने विरघळेल याचा नेम नसतो, आणि कित्येक मासे तिला तोंडही लावत नाहीत.

कागदावरची परीक्षा

फीडर आणला की लगेच टँकवर बसवू नका. डब्यात दाणेदार खाद्य भरा. फ्लेक्स हलके असतात, फटीत अडकतात किंवा एकदम गठ्ठ्याने पडतात. मग टेबलावर पांढरा कागद पसरून फीडर त्यावर धरा आणि हाताने फिरवायचे बटन पाच-सहा वेळा दाबा. प्रत्येक वेळी किती दाणे पडतात ते पाहा. पहिल्या फेरीत बहुधा काहीच पडत नाही आणि दुसरीत दुप्पट पडते. डबा पूर्ण भरलेला असताना आणि अर्धा रिकामा असताना माप बदलते, म्हणून दोन्ही करून बघा. मासे दोन मिनिटांत संपवतील त्याहूनही थोडे कमी पडेल, इतकीच फट ठेवा. सुट्टीपुरते दिवसातून एकदाच खाद्य पडले तरी मोठ्या माशांना पुरते.

काही स्वस्त फीडरना घड्याळ नसते, केवळ १२ किंवा २४ तासांचे बटन असते. ते चालू कराल त्या क्षणापासून वेळ मोजतात. रात्री अकराला सामान बांधता बांधता बटन दाबले, तर रोज रात्री अकरालाच अंधारात खाद्य पडणार! सकाळी नऊला खायला घालायचे असेल तर सकाळी नऊलाच सुरू करा.

आपल्याकडे फीडरचा खरा शत्रू म्हणजे दमटपणा. टँकमधून वर येणारी वाफ डब्यात शिरते, खाद्य ओलसर होऊन गोळा बनते आणि फट बंद होते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर दोन दिवसांतच असे होऊ शकते. म्हणून फीडर हवेच्या बुडबुड्यांच्या अगदी वर बसवू नये, झाकणाला त्याच्यापुरतीच फट ठेवावी आणि डबा गळ्यापर्यंत भरू नये. काही फीडरना एअर पंपाची बारीक नळी जोडायची सोय असते. त्या हवेने खाद्य कोरडे राहते. ओल्या काचेवर दुहेरी टेपचा भरवसा धरू नका, क्लॅम्पच बरा. नाहीतर फीडर खाद्यासकट पाण्यात!

फिल्टरच्या प्रवाहात पडलेले दाणे माशांआधी फिल्टरच्या पोटात जातात. यावर सोपा उपाय असा: एअर पंपाच्या नळीचा वीतभर तुकडा घेऊन दोन्ही टोके जोडून कडे करा आणि ते फीडरखाली पाण्यावर तरंगत सोडा. खाद्य त्या कड्यातच राहते.

हे सगळे करून निदान एक आठवडा तुम्ही घरी असतानाच फीडर चालवून पाहा. सहाव्या दिवशी अडकणारा फीडर पहिल्या दिवशी ओळखू येत नाही.

मेन स्विचची सवय

गावी निघताना घरातला मेन स्विच बंद करण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. सेलवरचा फीडर खाद्य टाकत राहतो, पण फिल्टर आणि हवेचा पंप बंद! खाद्य पडते आणि ते कुजताना पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही ओढून घेते. टँकचा प्लग ज्या एमसीबीवर आहे तो चालू ठेवून बाकीचे बंद करावेत. दिल्ली-लखनौकडे थंडीत हीटरसाठीही हे करावेच लागते. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी पाव टँक पाणी बदला, त्या आठवड्यात नवे मासे आणू नका.

आणि शेजारच्या काकूंना विसरू नका. फीडर चालतो आहे का, पाणी गढूळ तर झाले नाही ना, एखादा मासा मेला असेल तर तो बाहेर काढणे, हे कुठलेही यंत्र करत नाही. फीडर अडकलाच तर उपयोगी पडाव्यात म्हणून वैद्यांसारख्या चार-पाच पुड्या बांधून, वर तारीख घालून त्यांच्या हाती द्या. खाद्याचा मुख्य डबा मात्र कपाटात ठेवून किल्ली बरोबर न्या. काकूंना वाईट वाटले तर गावाहून येताना आंबापोळी आणा.