डोळे मिटून केलेला सराव



बर्फावरच्या शर्यती टीव्हीवर कधी पाहिल्यात का? हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी दाखवतात. डोंगरउतारावर बर्फात खांब रोवलेले असतात आणि खेळाडू पायाला लांब पट्ट्या बांधून त्या खांबांना वळसे घेत खाली सुटतात. शर्यत सुरू व्हायच्या आधी एक गंमत दिसते. ही मंडळी डोळे मिटून उभी असतात, एक हात हवेत नागमोडी फिरत असतो, कंबर डावीउजवीकडे झुकत असते. आपल्याकडे कुणी असं केलं, तर शेजारीण लगेच म्हणेल, "हिच्या अंगात आलंय की काय?"

अंगात काही आलेलं नसतं. ती बाई मनातल्या मनात तो उतार उतरत असते. स्लालम नावाच्या या शर्यतीत खांबांच्या नेमक्या वाटेवरून आधी सराव करून बघायची परवानगीच नसते. आखलेली वाट फक्त बाजूने हळूहळू सरकत पाहून घ्यायची, लक्षात ठेवायची आणि मग थेट शर्यत. मग सराव करायचा कुठे? मनात.

आज त्याच सरावाबद्दल बोलू या. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली पोलीस भरतीची तयारी करताहेत, कुणाची कबड्डीत आहे, कुणाची दोरीच्या मल्लखांबावर. त्यांच्या कामाची गोष्ट आहे ही.

आधी तोल म्हणजे काय ते बघू. भिंतीजवळ उभ्या राहा, एक हात भिंतीला लागेल इतक्या जवळ. एक पाय उचला. जमतंय ना? आता डोळे मिटा. लगेच डुलायला लागलात. कारण तोल सांभाळायला मेंदूकडे तीन ठिकाणांहून निरोप येत असतात. एक डोळ्यांकडून. दुसरा आतल्या कानाकडून. तिथे पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, डोकं कुठे वळलं ते त्या सांगतात. तिसरा तळपायाकडून आणि सांध्यांकडून. डोळे मिटले की एक निरोप्या गेला आणि बाकी दोघांवर भार आला.

पण मेंदू नुसता निरोपांची वाट बघत बसत नाही. तो आधीच अंदाज बांधतो. भरलेली समजून बादली उचलायला जावं आणि ती रिकामी निघावी, हात कसा झटकन वर जातो! म्हणजे किती जोर लावायचा हे बादलीला हात लागायच्या आधीच ठरलं होतं. समोरचा डबा घ्यायला आपण हात पुढे करतो, तेव्हा हात हलायच्या जराशी आधी पोटरीचे स्नायू आवळले जातात, नाहीतर आपण पुढे कलंडलो असतो. डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी घेऊन बांधावरून चालणारी बाई पायाकडे बघत नाही ती याच जोरावर. डोक्याच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो, त्याचा या अंदाजाच्या कामात मोठा वाटा आहे.

मनातल्या सरावात हाच अंदाज घोटला जातो. एखादी हालचाल आपण खरी करतो तेव्हा मेंदूचे जे भाग कामाला लागतात, त्यातले बरेचसे ती हालचाल नुसती मनात केली तरी जागे होतात. शेवटचा हुकूम मात्र स्नायूंपर्यंत पुरता पोचू दिला जात नाही.

याचा एक प्रयोग मला फार आवडतो. १९९२ साली अमेरिकेत तो प्रसिद्ध झाला. काही जणांनी चार आठवडे करंगळीचा व्यायाम केला. काही जणांनी करंगळी न हलवता, आपण जोर लावतोय असं नुसतं मनात आणलं. खरा व्यायाम करणाऱ्यांच्या करंगळीचा जोर सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. मनात करणाऱ्यांचा २२ टक्क्यांनी. काहीच न करणाऱ्यांचा जेमतेम ४ टक्के. मनात करणाऱ्यांच्या करंगळीला काही कष्ट पडलेच नव्हते. सुधारला होता तो मेंदूकडून येणारा हुकूम. तरी खरा व्यायाम पुढेच राहिला, हेही ध्यानात घ्या. मैदान सोडून खाटेवर पडल्या पडल्या कुणी धावपटू होत नाही.

आता दीपा कर्माकरकडे या. त्रिपुरातल्या आगरतळ्याची मुलगी, तळपाय सपाट, जिम्नॅस्टिक्सला अगदी नको असलेले. ऑलिम्पिकला गेलेली ती भारताची पहिली महिला जिम्नॅस्ट. २०१६ साली रिओला तिने प्रोदुनोव्हा नावाची उडी मारली. धावत येऊन हातांवर उलटायचं, उसळी घेऊन हवेत पुढच्या बाजूला दोन कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचं. अर्धी कोलांटी कमी पडली तर मान खाली. ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं. हवेतला सगळा वेळ साधारण एका सेकंदाचा. त्यात विचार करायला सवड कुठली? आपण कुठे आहोत हे अंगाला आधीच पाठ असावं लागतं.

आणि ते पाठ असलेलं चित्र पुसलं गेलं तर? २०२१ साली टोकियोत सिमोन बाइल्सचं तेच झालं. अमेरिकेची ही मुलगी तेव्हा जगातली सर्वांत मोठी जिम्नॅस्ट होती. अडीच गिरक्या घ्यायच्या ठरवून ती उडाली आणि हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेना. दीड गिरकी घेऊन कशीबशी उतरली. अंग धडधाकट होतं, पण मनातलं चित्र हरवलं होतं. तिने त्या सामन्यातून आणि पुढच्या बऱ्याच प्रकारांतून माघार घेतली. लोकांनी नावं ठेवली, घाबरली म्हणाले. शेवटी अरुंद बीमवर ती उतरली, शेवटची उडी बदलून, गिरकी नसलेली केली आणि कांस्य घेऊन गेली. २०२४ला पॅरिसमध्ये परत आली ती तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन गेली.

जिचं ऐकलं गेलं नाही तिचीही गोष्ट सांगते. सोव्हिएत संघाची येलेना मुखिना. पाय मोडून पुरता बरा झाला नव्हता, तरी एक भयंकर उडी तिच्याकडून घोटून घेतली जात होती. आपली मान मोडेल असं तिने प्रशिक्षकांना सांगितलं होतं, हे तिनेच पुढे मुलाखतीत सांगितलं. जुलै १९८०, मॉस्को ऑलिम्पिकला दोन आठवडे राहिले होते. ती हनुवटीवर पडली, मान मोडली. वय वीस. २००६ साली ती गेली, तोवरचं सगळं आयुष्य अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत.

म्हणून आयांना आणि शाळेतल्या सरांना माझं म्हणणं आहे. मुलगी म्हणाली, "आज ही उडी मला दिसत नाही," तर तिला भित्री म्हणू नका. त्या दिवशी सोपं काहीतरी करू द्या. आणि ती ओट्यावर दहा मिनिटं डोळे मिटून बसली, तर "रिकामी बसलीस, जा भांडी घास" म्हणून उठवू नका. मुलगा बसला तर अभ्यास करतोय म्हणता ना?

आता मुलींसाठी. हा सराव लोळत करायचा नाही. गोळाफेकीचा असेल तर बूट घालून, गोळा फेकताना उभ्या राहता तशाच उभ्या राहा, हातात गोळ्याच्या वजनाचा दगड असला तर उत्तम. स्वतःला टीव्हीत बघतो तसं बाहेरून बघू नका. आतून बघा. मानेला टेकलेला गार गोळा, पायाखालची भुसभुशीत माती, शेवटी बोटांनी दिलेला धक्का. चित्रात पाय घसरला तर तिथेच थांबा, मागे जा, हळू करून नीट पूर्ण करा. चुकलेलं चित्र पुन्हा पुन्हा घोटलं तर चूकच पक्की होते.

अडचण मात्र जरूर घाला, तिच्यातून बाहेर पडण्यासकट. मायकेल फेल्प्स हा अमेरिकन पोहणारा लहानपणापासून रोज झोपताना आणि उठल्यावर आपली शर्यत मनात पोहायचा, बिघडलेली शर्यतसुद्धा. २००८ला बीजिंगमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या वेळी त्याच्या चष्म्यात पाणी शिरलं, काही दिसेना. हाताचे फटके मोजत तो पोहला आणि विश्वविक्रम करून जिंकला. तुमच्या ८०० मीटरमध्ये बुटाची नाडी सुटेल, कुणाचं कोपर लागेल, दुसऱ्या फेरीला पोटात कळ येईल. तेव्हा काय करायचं ते आधीच मनात धावून ठेवा.

आपलं चित्र बरोबर आहे का, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. मोबाइलवर वेळ लावा आणि ८०० मीटर मनात धावा, सुरुवातीच्या शिट्टीपासून शेवटच्या रेषेपर्यंत. मग खरं धावा. मनात दोनच मिनिटं आणि मैदानावर चार लागली, तर तुम्ही वळणं गाळताय, दम लागलेला भाग गाळताय. परत करा. दोन्ही वेळा जवळ येईपर्यंत आठवड्यातून दोनदा हे मोजत चला, आणि आकडे वहीत लिहून ठेवा.