राखेऐवजी कोळसा

सुरतेच्या लिंबायत भागात मराठी बोलणारी हजारो कुटुंबे राहतात. त्यांतील पुष्कळांची मुळे खानदेशात आहेत. घरातील कर्ता पुरुष यंत्रमागावर किंवा कापडाच्या कारखान्यात राबत असतो. परंतु जळगाव, धुळे, नंदुरबारकडील दोन-चार एकर कपाशी त्याच्या मनातून जात नाही. हंगामाच्या अखेरीस तो गावी गेला, की त्याला बांधाबांधावर पेटलेल्या पऱ्हाट्या दिसतात. शेत मोकळे होते खरे. पण त्याबरोबर शेताचे काही धनही धुराच्या वाटेने निघून जाते. त्यातील काही भाग वाचविण्याचा उपाय म्हणजे बायोचार, अर्थात पिकांच्या अवशेषांपासून केलेला कोळसा.

वाळलेल्या काडीत वजनाने निम्म्याच्या आसपास कार्बन असतो. ती उघड्यावर जाळली, की कार्बन व नत्र बहुतांशी हवेत जातात आणि मूठभर राख उरते. तीच काडी अपुऱ्या हवेत भाजली, तर जवळजवळ निम्मा कार्बन कोळशाच्या रूपाने शिल्लक राहतो. हा कोळसा सहजी कुजत नाही. शेकडो वर्षे जमिनीत टिकतो. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात प्राचीन रहिवाशांनी कोळसा, हाडे व घरातील केरकचरा मिसळून घडविलेली काळी माती आजही सुपीक आहे. खानदेशची काळी माती मात्र निराळी; ती अग्निजन्य खडकापासून झालेली आहे.

कोळसा करण्याची रीत अवघड नाही. तोंडाशी रुंद व तळाशी अरुंद असा खड्डा खणावा. तळाशी थोड्या पऱ्हाट्या पेटवाव्यात. निखाऱ्यांवर पांढरी राख धरू लागताच वर दुसरा पातळ थर घालावा. वरची ज्वाला हवा खाऊन टाकते, त्यामुळे खालचे निखारे जळून राख होत नाहीत. अखेरीस भरपूर पाणी ओतून विस्तव पूर्ण विझवावा. काड्या चांगल्या वाळलेल्या असल्या, तर धूर कमी होतो. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने याच कामासाठी पिंपाची साधी भट्टीही तयार केली आहे. शिवाय, पऱ्हाट्या वेळीच हलविल्याने उरलेल्या बोंडांत दडलेल्या गुलाबी बोंडअळीचाही नायनाट होतो.

परंतु कोळसा म्हणजे खत नव्हे. तो एक कोठार आहे. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत पाणी व अन्नद्रव्ये साठतात, जीवाणूंना आसरा मिळतो. कोठार रिकामे ठेवून जमिनीत घातले, तर ते आधी जमिनीतलेच नत्र ओढून घेते आणि पीक पिवळे पडते. म्हणून कोळसा ओला असतानाच बारीक करावा, शेणकाल्यात किंवा कुजलेल्या खतात मिसळून दोन-तीन आठवडे मुरू द्यावा, व मगच शेतात घालावा.

आणखी एक सावधगिरी आहे. कोळसा बहुधा अल्कधर्मी असतो. कोकणातील आम्ल, तांबड्या जमिनीला तो मानवतो; हलक्या, रेताड जमिनीत ओल धरतो. खानदेशातील काळ्या जमिनी मुळातच अल्कधर्मी आहेत. तेथे तो अधिक झाला, तर लोह व जस्त पिकाला मिळेनासे होतात. यास्तव प्रथम मातीची तपासणी करावी आणि एका गुंठ्यातच प्रयोग करावा.

ज्यांचे शेत दूर आहे, त्यांनी लिंबायतच्या गच्चीवरील कुंडीत दहा भाग मातीला मुरविलेल्या कोळशाचा एक भाग मिसळून पाहावे. मात्र कारखान्याजवळच्या कृत्रिम धाग्याच्या चिंध्या किंवा प्लास्टिक त्या विस्तवात कदापि घालू नये. तो धूर विषारी असतो. शेजारी कोळशाविना दुसरी कुंडी ठेवावी. दोन्ही रोपे एकाच हाताने, एकाच पाण्याने वाढवावीत. कोळशाने लाभ होतो की नाही, हे त्या दोन कुंड्या सांगतील. आणि गावच्या शेताविषयीचा निर्णय मग ऐकीव गोष्टींवर अवलंबून राहणार नाही.